विश्वासाचा फेरविचार करताना कोणती पुस्तकं वाचावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) महिन्यातून एकदा वाचनगट बसतो. पुस्तकं सुचवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, त्यामुळे उपासना संपली की कोणीतरी बाजूला घेतं आणि आवाज खाली आणून विचारतं. प्रश्न बहुधा तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी धर्मशास्त्र शिकलेलो नाही, नुसता वाचतो. मतं माझी आहेत, ती पटलीच पाहिजेत असं नाही. यातली बहुतेक पुस्तकं इंग्रजीत आहेत, मराठीतल्यांसाठी पुढे वेगळा प्रश्न आहे.

फेरविचार म्हणजे विश्वास सोडायची पहिली पायरीच ना?

काहींच्या बाबतीत तसं होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. पण मार्कच्या शुभवर्तमानात (बायबलमध्ये येशूची कथा सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकात) येशू पहिल्यांदा बोलतो तेव्हा काय म्हणतो ते पाहा: देवाचं राज्य जवळ आलं आहे, पश्चात्ताप करा. 'पश्चात्ताप' म्हटलं की आपल्याला खाली घातलेली मान आणि डोळ्यांतलं पाणी दिसतं. मूळ ग्रीक शब्द 'मेटानोइया'. त्याचा रोख मन पालटण्यावर, विचाराची दिशा बदलण्यावर आहे. म्हणजे फेरविचार करा असं सांगणारा खुद्द येशूच. त्याच शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक बाप येतो. माझा विश्वास आहे आणि माझा अविश्वास घालवा, असं तो एका दमात म्हणून मोकळा होतो. 'आधी नक्की काय ते ठरवून ये' असं सांगून येशू त्याला परत पाठवत नाही, त्याच्या मुलाला बरं करतो.

मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. माणसं एक ठाम मत खाली ठेवतात आणि लगेच तितकंच ठाम दुसरं उचलतात. काल बायबलमधला प्रत्येक शब्द जसाच्या तसा खरा होता, आज एका पुस्तकाच्या जोरावर सगळंच खोटं. पीटर एन्स यांचं 'द सिन ऑफ सर्टन्टी' (२०१६) नेमकं या दुखण्यावर आहे: आपला भरवसा देवावर आहे, की देवाविषयीच्या आपल्या मतांवर? एन्स यांच्या आधीच्या एका पुस्तकावरून वाद पेटला आणि २००८ मध्ये त्यांना वेस्टमिन्स्टर सेमिनरीतली (पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेतली) नोकरी सोडावी लागली. त्यामुळे पुस्तक कडवट असेल असं वाटलं होतं. तसं नाही, उलट विनोदच जरा जास्त झालेत.

सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करू?

मार्कपासून. गंमत करत नाही. अख्खं मार्क एका बैठकीत वाचा, दीड तास पुरतो. आपण शुभवर्तमानं आठवड्याला दहा-बारा ओव्यांच्या हिशेबाने ऐकत आलेलो असतो, म्हणून ती कथा किती धावती आहे हे कधी कळतच नाही. शेवटी पोचलात की सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर थांबा. सगळ्यात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत, सिनायटिकस आणि व्हॅटिकॅनसमध्ये, मार्क इथेच संपतं: स्त्रिया कबरेपासून पळाल्या, त्या भ्यालेल्या होत्या, कोणालाच काही बोलल्या नाहीत. बस्स. आमच्या गटात हे वाचून झाल्यावर एक काका पान उलटून पलटून पाहत राहिले होते, पुढचं फाटलंय की काय म्हणून.

मग आपला प्रश्न कोणता ते ठरवा. 'येशू खरोखर कोण होता' हा एक प्रश्न, 'त्याच्या मागे जायचं म्हणजे करायचं काय' हा दुसरा आणि 'देव गप्प का' हा तिसरा. तिन्हींची पुस्तकं वेगळी. ज्याचं मन तिसऱ्या प्रश्नाने पोखरलंय त्याच्या हातात हस्तलिखितांवरचं पुस्तक ठेवणं म्हणजे दात दुखतोय त्याला चष्मा देणं.

इतिहासातला येशू आणि आपल्या श्रद्धेतला येशू एकच का?

या प्रश्नावर सव्वाशे वर्षांत एवढं लिहिलं गेलंय की कपाटं पुरायची नाहीत. अल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९०६ मध्येच एक मोठा ताळेबंद मांडला, 'द क्वेस्ट ऑफ द हिस्टॉरिकल जीझस'. येशूचं चरित्र लिहायला बसलेल्या प्रत्येक पंडिताच्या हाती स्वतःसारखाच दिसणारा येशू लागला, हा त्यांचा निष्कर्ष. बुद्धिवाद्याला शिक्षक सापडला, भाविकाला भाविक. पुस्तक जड आहे आणि अख्खं वाचायलाच हवं असं नाही, पण शेवटचं पान चुकवू नका. येशू आपल्याकडे एखाद्या अनोळखी माणसासारखा येतो, 'माझ्यामागे ये' म्हणतो आणि जे ऐकतात त्यांना तो कोण ते चालता चालता कळतं, असा त्याचा आशय. हे लिहिणारा माणूस नंतर वैद्यकी शिकला आणि १९१३ मध्ये आफ्रिकेतल्या लाम्बारेनेला दवाखाना काढायला गेला.

आजच्या वाचकाला मी आधी ई. पी. सँडर्स यांचं 'द हिस्टॉरिकल फिगर ऑफ जीझस' (१९९३) देतो. इतिहासकाराच्या कोरड्या नजरेने लिहिलंय: खात्रीने काय म्हणता येतं, कशाची शक्यता आहे आणि पुरावा कुठे संपतो. धर्मप्रसार नाही की थट्टाही नाही. सँडर्स आणि त्यांच्या पिढीने एक जुनी खोड मोडली: येशूला उजळ दाखवायचं म्हणून त्याच्या काळच्या यहुदी धर्माला काळं फासायची. तोच मुद्दा एमी-जिल लेव्हिन जास्त चुरचुरीतपणे मांडतात. त्या स्वतः यहुदी आहेत आणि नवा करार शिकवतात. त्यांचं 'द मिसअंडरस्टूड ज्यू' (२००६) वाचल्यानंतर 'परुशी' (येशूच्या काळचा एक यहुदी धार्मिक गट) हा शब्द शिवीसारखा वापरताना जीभ अडखळते.

एकच पुस्तक घ्यायचं असेल तर मात्र माझं मत 'द मीनिंग ऑफ जीझस'ला (१९९९). मार्कस बोर्ग आणि एन. टी. राइट, दोघे मित्र, दोघेही विद्वान आणि एकमेकांना न पटणारे. जन्म, मरण, पुनरुत्थान, असा एकेक विषय घेऊन दोघे आपापलं म्हणणं मांडतात. बोर्ग यांना रिकामी कबर इतिहास म्हणून गरजेची वाटत नाही. राइट म्हणतात, ती नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. आम्ही हे तीन महिने वाचलं. पहिल्या बैठकीत जे राइटच्या बाजूने बसले होते त्यातले दोघे तिसऱ्या बैठकीला बोर्गची बाजू मांडत होते आणि एक बाई बरोबर उलट सरकल्या होत्या. मी कुठे होतो ते सांगत नाही.

शुभवर्तमानातल्या गोष्टी पाठ आहेत. त्यात आता नवं काय सापडणार?

लूकचा दुसरा अध्याय घ्या. 'उतारशाळेत जागा नव्हती' हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की नाताळच्या प्रत्येक नाटकात दार लावून घेणारा उतारशाळेचा मालक असतोच. लूकमध्ये हा मालक कुठेच नाही. तिथला ग्रीक शब्द 'काताल्युमा'. लूकने तोच शब्द बाविसाव्या अध्यायात शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरलाय. खरी उतारशाळा जिथे आहे, म्हणजे चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात (बोधकथेत), तिथे तो वेगळाच शब्द वापरतो. म्हणून अनेक अभ्यासक म्हणतात, ती एखाद्या घरातली पाहुण्यांची खोली असावी. ती भरलेली होती, म्हणून बाळ घरातल्या माणसांतच, गुरांच्या गव्हाणीत निजवलं. हाकलून दिल्याची गोष्ट होती, ती दाटीवाटीने सामावून घेतल्याची झाली.

हे मला केनेथ बेली यांच्या 'जीझस थ्रू मिडल ईस्टर्न आइज' (२००८) मधून कळलं. बेली कित्येक वर्षं मध्यपूर्वेत राहून शिकवत होते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला, परत आलेल्या मुलाकडे धावत सुटलेला बाप त्यांनी जसा दाखवलाय तसा दुसरं कोणी दाखवलेला मला माहीत नाही: प्रतिष्ठित म्हातारा, झगा वर धरून, भर गावातून. त्यांच्यावर एक आक्षेप घेतला जातो, की विसाव्या शतकातल्या खेड्यांचे रिवाज ते पहिल्या शतकावर चढवतात. आक्षेपात तथ्य आहे. म्हणून बेलींसोबत लेव्हिन यांचं दाखल्यांवरचं 'शॉर्ट स्टोरीज बाय जीझस' (२०१४) ठेवा. दोघांचं जमत नाही तिथेच वाचायला मजा येते.

शिष्यत्वावर एकच पुस्तक सांगा.

डीट्रिख बॉनहॉफर. इंग्रजीत 'द कॉस्ट ऑफ डिसायपलशिप'. मूळ जर्मन नाव फक्त 'नाखफोल्गे', म्हणजे अनुसरण, मागे जाणं. किमतीचा उल्लेख मूळ नावात नाहीच. पुस्तक १९३७ चं, नाझी राजवटीतलं. बॉनहॉफर फिंकनवाल्डेला पाळकांसाठी एक सेमिनरी चालवत होते, ती त्याच वर्षी गेस्टापोने बंद पाडली.

पहिल्या प्रकरणातली 'स्वस्त कृपा' ही कल्पना इतकी गाजली की लोक तेवढंच वाचून पुस्तक मिटतात. क्षमा हवी पण पश्चात्ताप नको, बाप्तिस्मा हवा पण मंडळीची शिस्त नको, येशू हवा पण वधस्तंभ नको, अशी घाऊक दराने वाटलेली कृपा. हा हल्ला बाहेरच्यांवर नाही, रविवारी पहिल्या बाकावर बसणाऱ्यांवर आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दुसऱ्यांची नावं आठवत समासात पेन्सिलीने रेघा ओढत होतो. दहा वर्षांनी तीच प्रत उघडली आणि त्या रेघा खोडरबरने पुसत बसलो.

याच पुस्तकातलं एक इंग्रजी वाक्य पोस्टरवर फार दिसतं: ख्रिस्त माणसाला बोलावतो तेव्हा तो त्याला येऊन मरायला सांगतो. ही डौलदार घडण इंग्रजी अनुवादाची. जर्मन वाक्य आखूड आहे: ख्रिस्ताची प्रत्येक हाक मरणात नेते. मला जर्मन जास्त आवडतं, त्यात भाषणाचा सूर नाही.

पुढची गोष्ट फेरविचार करणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. २१ जुलै १९४४ ला, म्हणजे हिटलरला मारायचा कट फसला त्याच्या दुसऱ्या दिवशी, बॉनहॉफर नाझींच्या तुरुंगातून मित्राला लिहितात की त्या पुस्तकातले धोके मला आज दिसतात, तरी लिहिलं त्याच्याशी मी अजून ठाम आहे. स्वतःच्या सगळ्यात गाजलेल्या पुस्तकाकडे असं पाहता येणं सोपं नाही. ९ एप्रिल १९४५ ला फ्लॉसनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी दिलं. वय ३९. तुरुंगातली पत्रं 'लेटर्स अँड पेपर्स फ्रॉम प्रिझन' नावाने मिळतात. दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचा, आधी ठाम बॉनहॉफर आणि मग शोधणारा.

बॉनहॉफर झेपत नाही. थोडं रोजच्या जगण्यातलं?

डलस विलर्ड, 'द डिव्हाइन कॉन्स्पिरसी' (१९९८). विलर्ड तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, त्यामुळे वाक्यं लांब, पण सांगणं सरळ आहे: येशूला आपण तारणारा मानतो, पण जगावं कसं हे ज्याला खरोखर कळतं असा हुशार माणूस मानत नाही. डोंगरावरचं प्रवचन ते अशक्य आदर्श म्हणून वाचत नाहीत, शिकता येण्याजोगी गोष्ट म्हणून वाचतात. सुतारकाम शिकावं तसं, उस्तादाजवळ राहून. त्याहून हलकं हवं असेल तर यूजीन पीटरसन यांचं 'अ लाँग ओबीडियन्स इन द सेम डायरेक्शन' (१९८०). यरुशलेमच्या वाटेवर यात्रेकरू गात ती बायबलमधली १२० ते १३४ ही पंधरा स्तोत्रं आणि प्रत्येकावर एक प्रकरण. शीर्षक चक्क नित्शेकडून उसनं घेतलंय. पंधरा आठवडे पुरवा.

'दुसरा गाल पुढे कर' हे शब्दशः घ्यायचं का?

टॉलस्टॉय यांनी घेतलं. त्यांच्या 'द किंगडम ऑफ गॉड इज विदिन यू' (१८९४) या पुस्तकावर रशियात बंदी आली, पुढे गांधीजींच्या मनावर त्याची खोल छाप पडली. वाचताना दम लागतो, टॉलस्टॉय तडजोड करतच नाहीत.

बायबलचे अभ्यासक वॉल्टर विंक वेगळी वाट दाखवतात. मत्तय नेमका 'उजवा गाल' म्हणतो. समोरच्याच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारायचं तर उलट्या हाताची चपराकच बसते आणि तशी चपराक बरोबरीच्या माणसाला देत नाहीत, ती हाताखालच्याला देतात. डावा गाल पुढे केला की मारणाऱ्याची पंचाईत होते. मार खात राहा असा याचा अर्थ नाही, 'मी तुझ्या बरोबरीचा आहे' असं सांगणं आहे. फार चतुर वाचन आहे. मला थोडं जास्तच चतुर वाटतं, कारण लूकच्या मजकुरात 'उजवा' हा शब्दच नाही. पण घरी मार खाणाऱ्या बाईला हीच ओवी ऐकवून गप्प बसवलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांनी विंक जरूर वाचावेत.

दडपलेल्या माणसांसाठी येशूकडे काय आहे?

अमेरिकेतले काळे पाळक हॉवर्ड थर्मन, 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड' (१९४९). शंभर-सव्वाशे पानांचं पुस्तक. त्यात थर्मन आपल्या आजीविषयी सांगतात. ती गुलामीत जन्मलेली, वाचता येत नसे, म्हणून नातू तिला बायबल वाचून दाखवी. नव्या करारातली पौलाची पत्रं मात्र ती वाचू देत नसे, अपवाद फक्त प्रीतीवरच्या अध्यायाचा. कारण? तिच्या मालकाचा पाळक गुलामांपुढे 'दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा' हेच वचन पुन्हा पुन्हा घ्यायचा. तिने मनाशी ठरवलं होतं, सुटका झाली आणि वाचता आलं तर हा भाग कधी वाचायचा नाही. थर्मन १९३६ मध्ये गांधीजींनाही भेटून आले होते. भिंतीला पाठ टेकलेल्या माणसाला येशूचा धर्म काय देतो, एवढाच त्यांचा सवाल.

त्यानंतर जेम्स कोन यांचं 'द क्रॉस अँड द लिंचिंग ट्री' (२०११). अमेरिकेत झाडांना लटकवून मारलेली काळी माणसं आणि वधस्तंभ यांना शेजारी ठेवणारं. गुस्ताव्हो गुतिएरेझ यांचं मुक्तीचं धर्मशास्त्र (मूळ स्पॅनिश, १९७१) महत्त्वाचं आहेच, पण अभ्यासाच्या तयारीने बसा.

प्रार्थना कोरडी झालीय. देव आहे की नाही तेच कळत नाही.

आत्ता युक्तिवादाची पुस्तकं नकोत. सी. एस. लुइस यांचीच दोन पुस्तकं पाहा. १९४० मध्ये त्यांनी 'द प्रॉब्लेम ऑफ पेन' लिहिलं: दुःख का असतं, सगळं नीट मांडून. १९६० मध्ये पत्नी गेली आणि पुढच्या वर्षी 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड' आलं, तेही टोपणनावाने. त्यात दार बंद आहे, आतून कडी घातल्याचा आवाज येतोय आणि मग नुसती शांतता. तोच माणूस, तोच देव. दुसरं वाचा, पहिलं राहू द्या.

युर्गन मोल्टमान यांनी किशोरवयात, १९४३ मध्ये, हॅम्बुर्गवरचे बॉम्बहल्ले पाहिले. शेजारी उभा असलेला मित्र त्यात गेला. पुढे युद्धकैदी असताना हातात बायबल आलं आणि त्यात मार्कमधली ती हाक, 'माझ्या देवा, तू मला का सोडलंस?' 'द क्रूसिफाइड गॉड' (१९७२) या पुस्तकाचं बीज तिथलं. कठीण आहे, पण ज्याला त्याची गरज असते तो ते कसंही करून वाचतो असं पाहिलंय.

आणि ८८वं स्तोत्र. बाकीची विलापस्तोत्रं शेवटी कुठेतरी आशेला टेकतात, हे अंधारातच संपतं. गटात मी ते मोठ्याने वाचलं तेव्हा रात्रपाळी करून आलेली एक परिचारिका म्हणाली, "हे बायबलमध्ये आहे? आणि मला इतकी वर्षं कोणी सांगितलं नाही?"

'मिअर ख्रिश्चॅनिटी' अजून वाचावं का?

वाचावं, लुइस यांच्या या पुस्तकाची भाषा अजून ताजी आहे. मूळची ती दुसऱ्या महायुद्धातली बीबीसीवरची भाषणं. पण 'येशू एक तर वेडा, नाही तर लबाड, नाही तर प्रभू' हा त्यातला गाजलेला युक्तिवाद वादात वापरू नका. शुभवर्तमानांत येशूचे शब्द जसेच्या तसे आलेत का, हाच समोरच्याचा प्रश्न असतो आणि त्याला तो युक्तिवाद हात घालत नाही.

कथा-कादंबऱ्या चालतील का?

कित्येकांना त्याच जास्त लागू पडतात. शुसाकु एन्दो यांची 'सायलेन्स' (१९६६): सतराव्या शतकातलं जपान, एक पोर्तुगीज पाद्री आणि पायाखाली तुडवायला ठेवलेली ख्रिस्ताची प्रतिमा. पुढचं सांगणार नाही. दस्तयेव्स्कींच्या 'ब्रदर्स करमाझोव'मधलं 'ग्रँड इन्क्विझिटर' हे प्रकरण सुटं वाचलं तरी चालतं, पण शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, त्यातल्या येशूच्या शेवटच्या कृतीचा प्रतिध्वनी त्याच प्रकरणाच्या अखेरीस उमटतो.

मराठीत काही आहे का?

अशा अर्थाने 'फेरविचाराची' पुस्तकं मी मराठीत कमी पाहिलीत. पण लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' या यादीत हवीच. नवऱ्याने धर्म बदलला तरी त्या लगेच मागे गेल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या आणि आपल्या पायांनी आपल्या वेळी पोचल्या. दुसऱ्याच्या विश्वासावर आपला विश्वास उभा राहत नाही, हे इतक्या हसतखेळत दुसऱ्या कोणी लिहिलं असेल असं वाटत नाही. रेव्हरंड टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन'ही त्यांनीच पुरं केलं. फादर स्टीफन्स यांचं १६१६ चं 'ख्रिस्तपुराण' ओव्यांत आहे. मोठ्याने वाचा, नुसत्या डोळ्यांनी वाचायचा तो ग्रंथ नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये पूर्ण छापून आलं. कुठे मिळालं तर ओळखीचा एखादा उतारा त्यात काढून बघा.

लेखकाचं वागणंच वाईट निघालं तर त्याचं पुस्तक वाचावं का?

हा प्रश्न जॉन हॉवर्ड योडर यांच्यामुळे येतो. 'द पॉलिटिक्स ऑफ जीझस' (१९७२) हे अहिंसक शिष्यत्वावरचं गाजलेलं पुस्तक. लेखकाने अनेक स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं आणि संस्थांनी ते वर्षानुवर्षं झाकून ठेवलं. ही चूक त्यांच्याच मेनोनाइट (अहिंसा मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) मंडळींनी पुढे कबूल केली. आमच्या गटात मी ते पुस्तक घेत नाही. त्यातले मुद्दे इतरांकडे मिळतात, आणि समोर बसलेल्यांपैकी कोणी काय सोसलंय ते मला माहीत नसतं. अभ्यासाला घ्यायचंच असेल तर आधी ही माहिती सांगून मगच उघडावं.

हे सगळं पाळकांना सांगू का?

ऐकून घेणारे असतील तर नक्की. पुष्कळ पाळकांच्या कपाटात मागच्या रांगेत हीच पुस्तकं असतात. नसतील तर एका विश्वासू माणसाबरोबर वाचा, पण एकट्याने मध्यरात्री फोनवर वादविवाद ऐकत बसू नका.

पुस्तक मध्येच सोडलं तर चालतं का?

खुशाल. राइट यांचं 'जीझस अँड द व्हिक्टरी ऑफ गॉड' मी तीनदा सुरू केलंय. तिन्ही वेळच्या खुणेच्या चिठ्ठ्या अजून आत आहेत आणि तिसरी दुसरीच्या दोन पानं अलीकडे आहे.